वीणा घडली, आता ती खाली ठेवू नये

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा मनुष्य, आवक-जावकची बुके लिहिण्यात निम्मे आयुष्य गेले. परंतु समितीने आज्ञा केली की, मंदिरात आज जी नवी वीणा ठेवली आहे ती घरी हाताने कशी तयार झाली, हे मंडळींना सांगावे. वरून आलेला कागद परत पाठवायचा नसतो, ही आमच्या खात्याची शिकवण. म्हणून उभा राहिलो आहे. बोलण्यात कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम वीणा म्हणजे काय, हे लहान मुलांसाठी सांगतो, मोठ्यांना ते ठाऊकच आहे. वारकरी संप्रदायात टाळ अनेकांच्या हाती असतात, पखवाज एकाच्या गळ्यात असतो, पण मान असतो तो वीणेचा. दिंडीत वीणेकरी असतो त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. ज्याच्या गळ्यात वीणा आली त्याच्या पायावर डोके ठेवायचे, मग तो वयाने लहान असो, जातीने कोणी असो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते तेव्हा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. आपल्या गावात एरवी मोठेपणावरून किती रुसवेफुगवे होतात ते मी सांगायला नको! वीणेपुढे मात्र सगळे सरळ होतात.

आणि सप्ताह बसला की ही वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, असा नेम आहे. आपला भाग सप्ताहाचा भाग आहे. गोदावरीकाठच्या सराला बेटावरील योगिराज गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी भरतो आणि तेथे लाखोंचा समुदाय लोटतो. आपल्या प्रवरामाईच्या काठी, खाली नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शेजारच्या राहुरी तालुक्यात ताहाराबादला महिपती महाराज (१७१५ ते १७९०) होऊन गेले. ते गावचे कुलकर्णी, म्हणजे एका परीने आम्हा कारकुनांचे पूर्वजच. त्यांनी दप्तराची लेखणी खाली ठेवली आणि संतांची चरित्रे लिहिली. अशा भूमीत आपण राहतो. तेव्हा वीणा हे आपल्याकडे केवळ वाजविण्याचे साधन नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

जुन्या मंदिरातील वीणा आपण सर्वांनी पाहिली आहे. वाडवडिलांच्या वेळची ती वस्तू. तिचा भोपळा दोन ठिकाणी तडकला होता, त्यावर कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. गळ्याचा सांधा सुटला होता आणि खुंट्या सुरात राहत नव्हत्या. बांधकाम सुरू झाले तेव्हा समितीपुढे प्रश्न आला. कोणी म्हणाले, ही प्रवरेत विसर्जन करावी आणि नवी विकत आणावी. त्यात गैर काही नव्हते. त्याच सुमारास जुन्या सभामंडपाच्या सागवानी तुळया उतरविल्या जात होत्या. त्या लाकडाचा लिलाव समितीने ठरविला होता. तुळयांकडे पाहून मनात आले की, ज्या तुळईखाली चार पिढ्यांनी भजन केले, तिचाच एक तुकडा वीणेत गेला तर काय हरकत आहे? लिलावात बोली लावून, रीतसर पावती घेऊन एक तुकडा मी घेतला. पावतीचे सांगतो अशासाठी की, देवाच्या लाकडाची वाटणी कशी झाली असे पुढे कोणी विचारू नये.

लाकूड मिळाले, पण वीणा करतात कशी? या विद्येचे माहेर आपल्या महाराष्ट्रातच आहे. ते म्हणजे मिरज. पटवर्धन संस्थानच्या काळात मिरजेत शिकलगार समाजाची माणसे तलवारी, भाले यांना धार लावण्याचे काम करीत. इंग्रजी अंमल आला, लढाया संपल्या, हत्यारांचे काम गेले. तेव्हा १८५० च्या सुमारास त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता त्या नव्याने घडविण्याची कला साध्य केली. ज्या हातांनी तलवारीला धार लावली त्याच हातांनी तारेला स्वर लावला. पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. त्यांना स्वतःलाही वाद्य दुरुस्त करण्याचे, जवारी काढण्याचे उत्तम ज्ञान होते. १९३७ साली ते पैगंबरवासी झाले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. आज देशभर गाणारी मंडळी मिरजेचा तंबोरा मागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले. इटली देशात क्रेमोना नावाचे गाव हाताने केलेल्या व्हायोलिनसाठी असेच प्रसिद्ध आहे. तेथील स्त्रादिवारी नावाचा कारागीर १७३७ साली वारला, पण त्याची वाद्ये आजही मैफलीत वाजतात. कारण ती वेळोवेळी उघडून दुरुस्त करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. हा मुद्दा लक्षात असू द्यावा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

रजा काढून मी दोनदा मिरजेला गेलो. आपल्या स्टेशनावरून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट तिकडे जाते. एका वृद्ध कारागिरांच्या दुकानात त्यांच्या परवानगीने बसून राहिलो. मी त्यांना चाचा म्हणत असे. देवळासाठी वीणा करायची आहे म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतले, हाती कानस दिली आणि काय पाहायचे ते दाखविले. त्यांच्या घरात कितीतरी वर्षे विठ्ठलाच्या देवळांसाठी वीणा तयार होत आल्या आहेत. आणि त्या वीणांचा भोपळा कोठून येतो? पंढरपूर, मंगळवेढे या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. शेतकरी पिकवितो तो भोपळा पंढरीच्या वाटेवर, त्याची वीणा घडते मुसलमान कारागिराच्या घरी, आणि ती गळ्यात घालतो बेलापूरचा माळकरी. एकोप्याचे व्याख्यान मी वेगळे देत नाही. आपल्या देवळात जी वस्तू उभी आहे तिच्यातच ते सगळे आले आहे.

आता घडणीकडे येतो. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या गावातील एखाद्या मुलाला पुढे हे काम करावेसे वाटले तर स्मरणिकेचे हे पान त्याच्या उपयोगी पडावे.

वीणेला भोपळा लागतो तो भाजीचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असतो. वेलावरच पूर्ण पक्व होऊ देतात, मग कित्येक महिने टांगून वाळवितात. वाळला की तो लाकडासारखा टणक आणि वजनाला हलका होतो. वीणेसाठी ३४ इंच घेराचा भोपळा मी निवडला. चाचांच्या सांगण्यावरून एक जादा घेतला, कारण भोपळ्याच्या आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. तबलीसाठी एका अंगाने तो करवतीने कापायचा, मग पाण्यात भिजत घालायचा. भिजला की आतला मगज आणि बिया खरवडून काढायच्या. साल मऊ आहे तोवर आतून बांबूच्या काड्यांचे आडणे लावून त्याला हवा तसा गोल आकार द्यायचा, आणि सावलीत वाळू द्यायचा. उन्हात घाई केली तर भोपळा तडकतो. भुंगा लागू नये म्हणून मी आतून मोरचुदाचे पाणी फिरविले.

दुसरा भाग म्हणजे दांडी. आपल्या तुळईचा तुकडा येथे कामी आला. जुन्या इमारतीच्या लाकडाचा मोठा गुण असा की, त्यातील ओल कधीच निघून गेलेली असते. नवे लाकूड वर्षभर वाकते, पिळते. ऐंशी-शंभर वर्षे देवळाचा भार पेललेल्या लाकडाला आता वाकण्याचे कारण उरलेले नसते. त्यात अडचण असते ती खिळ्यांची. आपल्या आळीतील सुतारमामांनी लोहचुंबक फिरवून खिळे शोधून काढले, मगच रंधा लावला. दांडी ३२ इंच लांब ठेवली. रेघ सरळ असलेला, गाठ नसलेला भाग घेतला. वाकसाने पाठ गोल केली आणि गोल पटाशीने आतून कोरून पोकळ केली. कडा दोन सूत जाडीच्या ठेवल्या. हे कोरणे कष्टाचे होते. सागवान जुने झाले की पटाशीची धार दर अर्ध्या तासाला लावावी लागते. पण कोरणे टाळता येत नव्हते, त्याचे कारण पुढे सांगतो. दांडीच्या पोकळीवर पातळ फळीचे झाकण सरसाने बसविले. सागवानात तेल असते, त्यामुळे सरस धरत नाही. त्यावर उपाय असा की, रंधा मारल्यावर लगेच, ताज्या लाकडालाच सरस लावायचा. आणि सरसाचे कोणतेही काम पावसाळ्यात काढायचे नाही. आपल्याकडचा कोरडा हिवाळा या कामाला उत्तम.

तिसरा भाग गळा. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा हा लाकडाचा भाग वाद्यातील सर्वांत नाजूक जागा होय. तारा ताणल्या की त्यांची सगळी ओढ दांडी आणि भोपळा एकमेकांकडे वाकविण्याकडे असते, आणि तो ताण रात्रंदिवस गळ्यावर येतो. आपली जुनी वीणा येथेच सुटली होती. म्हणून सांधा भोपळ्याच्या आत चांगला खोलवर बसविला, सरसाबरोबर बांबूच्या मेखा ठोकल्या आणि सुतळीने आवळून चार दिवस हात लावला नाही.

चौथा भाग तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी. ही तुणाच्या लाकडाची आहे. सागवान येथे चालत नाही असे नाही, पण तूण हलके आणि चांगले बोलते. त्याची फळी मिरजेहूनच आणली. तबली सपाट ठेवली तर घोडीच्या दाबाने ती कालांतराने आत दबते. म्हणून ती किंचित फुगीर कोरतात. जाडी दीड सुताच्या आसपास. बोटाने टिचकी मारीत मारीत ती पातळ करायची. आधी आवाज ठक्क असा येतो, मग त्यात गोडी येऊ लागते. कोठे थांबायचे ते मोजपट्टी सांगत नाही, कान सांगतो.

मग खुंट्या. ही कामे वरवर छोटी, पण वीणा सुरात राहणे खुंटीवर अवलंबून असते. खुंटी निमुळती, भोकही तितकेच निमुळते, आणि दोन्ही एकमेकांना सगळीकडून टेकलेली पाहिजेत. खुंटी घसरू लागली तर तेल लावू नये, खडू लावावा.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग घोडी. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत, सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या आणि तो व्यापार बंद झाला. ते योग्यच झाले. आपल्या वीणेची घोडी शिसवीची आहे. दिसायला ती बोटभर रुंदीची चौकी, पण वीणेचा प्राण तिच्या माथ्यावर असतो. त्याला जवारी म्हणतात.

जवारी म्हणजे काय ते समजावून सांगतो. एरवी तार एका धारेवर टेकलेली असली की टण्‌ असा कोरडा नाद येऊन विरून जातो. घोडीचा माथा मात्र सपाट नसतो, तर अगदी किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतका उतरता असतो. तार कंप पावू लागली की ती त्या उतारावर हलकेच घासत, टेकत, सुटत राहते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या पोटातील कितीतरी वरचे स्वर बाहेर येतात आणि नाद फुलत जातो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात. तो केसभर पुढे-मागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. आपल्या देशाचे थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा या वाद्यांवर १९२१ साली निबंध लिहिला. शास्त्राचा नियम असा की, तार ज्या ठिकाणी छेडली त्या ठिकाणी जो वरचा स्वर स्थिर असायला हवा, तो ऐकू येऊ नये. रामन यांनी दाखविले की आपल्या वाद्यांत तोही स्पष्ट ऐकू येतो, आणि हा प्रताप घोडीचा आहे. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनाबद्दल. पण त्याच्या आधी त्यांनी आपल्या गावठी वाद्यापुढेही तितक्याच आदराने कान दिला होता.

ही जवारी काढायला मला नऊ संध्याकाळी लागल्या. कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. घाईचे काम नाही. ओसरीवर दिवा लावून बसलो की आळीतील मुले भोवती जमत. पहिल्या दिवशी ती हसत होती. नवव्या दिवशी नाद फुलला तेव्हा एकही बोलले नाही.

शेवटी चपडा लाखेचे पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, जुन्या मऊ लुगड्याच्या पुरचुंडीने तो चढवायचा. एक हात वाळला की दुसरा. हे काम आमच्या घरच्या मंडळींनी केले. चौदा महिने ओसरीवरचा भुसा त्यांच्या पिठाच्या डब्यापर्यंत जात होता. ते सर्व सोसून शेवटची चकाकी त्यांच्याच हातची आली, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. चार तारा चढविल्या, तीन पोलादी आणि खर्जाची पितळी. इतर खर्चाचा तपशील समितीच्या दप्तरी दाखल केला आहे, ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा.

आता दांडी कोरून पातळ का केली, ते सांगतो. माझे आजचे खरे सांगणे तेथेच आहे.

मी पेशाने हिशेबनीस. सप्ताहाचे सात दिवस म्हणजे १६८ तास. दोन तासांचा एक पहारा धरला तर ८४ पहारे होतात. पहाटे चारनंतर काकड्याला मंडळी येतात, दिवसा गर्दी असते, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. त्या वेळी वीणा घ्यायला हात पुढे येतात. प्रश्न असतो तो रात्री दहा ते पहाटे चार या वेळेचा. असे पहारे सात रात्रींत २१ होतात. गेल्या काही सप्ताहांत हे २१ पहारे कोणी दिले, याची यादी मी फळ्यावरून उतरवून घेतली होती. त्यात तीच तीच सात नावे आहेत आणि सातही जण साठीच्या पुढचे आहेत. नावे येथे घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांतील एक बाबा रात्री दोनला वीणा गळ्यात घालीत आणि बदली माणूस आला नाही म्हणून काकड्यापर्यंत तसेच उभे राहत. खांद्यावर वळ उठत, पण वीणा खाली ठेवली नाही.

मापे ठरविताना माझ्या डोळ्यांपुढे तो खांदा होता. जाड दांडी करणे सोपे होते, वेळही वाचला असता. पण एक एक सूत जाडी कमी केली, ती सत्तर वर्षांच्या माणसाला दोन तास वीणा पेलवावी म्हणून. पूर्ण झाल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केले, ते दोन किलो सातशे ग्रॅम भरले. वीणा मी हलकी करू शकलो. पहारा हलका करणे मात्र माझ्या पटाशीच्या हातचे नाही. ते आपल्या सर्वांच्या हातचे आहे.

कोणी म्हणेल, आता विजेवरचा तंबोरा मिळतो, रात्री तो लावून ठेवावा. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली तसा पहिला तंबोरा तयार केला, आणि आता तर तो खिशातल्या मोबाईलमध्येही आला आहे. गाणाऱ्याला, शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो, त्याची निंदा मी करीत नाही. परंतु सप्ताहाचा नेम सुराचा नसून जागे राहण्याचा आहे. सगळे गाव झोपले असता गावातर्फे कोणीतरी एक उभा आहे, ही ती कल्पना. यंत्र झोपत नाही, म्हणून त्याच्या जागण्याला किंमत नाही. ज्याला झोप येते त्याने जागायचे असते.

देणगीदार मंडळींना माझी विनंती आहे, ती राग न मानता ऐकावी. आपण दिलेल्या देणग्यांमुळे हे मंदिर उभे राहिले. दगड आला, फरशी आली, शिखर झाले. आपली नावे पाटीवर कोरली गेली आणि ती कोरली जाणे उचितच आहे. पण मंदिर एकदा बांधले की शंभर वर्षे उभे राहते. वीणा दर दोन तासांनी नव्याने उभी करावी लागते. तिला पैशाची देणगी चालत नाही, रात्रीच्या दोन तासांची लागते. २१ पहाऱ्यांना प्रत्येकी दोन माणसे धरली, म्हणजे एकाला अडचण आली तर दुसरा असावा, तर ४२ नावे हवीत. आपल्या गावात ४२ नावे मिळू नयेत काय? पुण्या-मुंबईला, नाशिकला नोकरीस असलेल्या मुलांनी सप्ताहाच्या एका रात्रीपुरते यावे. महिला भजनी मंडळाने दुपारचे पहारे पत्करले तर पुरुषांना रात्रीसाठी विश्रांती मिळेल. आज कार्यक्रम संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. पाटीसाठी नाव दिलेत, आता या वहीत द्या.

दुसरी विनंती दुरुस्तीची. क्रेमोनाचे उदाहरण सांगितले ते एवढ्यासाठी की, वाद्य टिकते ते दुरुस्त करणारा जवळ असल्यामुळे. आपली जुनी वीणा सुटी पडली, कारण पंचक्रोशीत तिचा सांधा बसविणारे कोणी उरले नव्हते. जवारीही वापराने झिजते, तारेची चरे पडतात आणि ती पुन्हा काढावी लागते. मला जेवढे येते तेवढे शिकविण्यास मी तयार आहे. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर यावे, हत्यारे माझी, चहा घरचा. दोन मुले जरी तयार झाली तरी पुढच्या पन्नास वर्षांची काळजी मिटेल.

वीणा सांभाळण्याचे चार नियम पुजारीबुवांकडे लिहून दिले आहेत, ते येथेही सांगतो. तिला उन्हात किंवा समईच्या जवळ ठेवू नये, सरस सुटतो. सप्ताह संपल्यावर तारा थोड्या सैल कराव्यात, म्हणजे गळ्यावरचा ताण उतरतो. हळद-कुंकू वाहायचे ते दांडीच्या वरच्या टोकाला, घोडीवर नव्हे, कारण घोडीच्या माथ्यावर कणभर पूड गेली तरी नाद बसतो. आणि ओले फडके लावू नये, कोरड्याने पुसावी.

जुनी वीणाही आपण विसर्जन केलेली नाही. समितीने माझी विनंती मान्य केली. तिच्या दोन खुंट्या चांगल्या होत्या, त्या नव्या वीणेत बसविल्या आहेत, बाकीची वीणा सभामंडपात काचेच्या पेटीत ठेवली आहे. नव्या खुंट्या आणि जुन्या खुंट्या यांचा रंग वेगळा दिसतो. तो मुद्दाम तसाच राहू दिला आहे. पहारा बदलताना ज्याचा हात त्या खुंटीला लागेल त्याला कळावे की, येथे आपल्या आधी कोणाचा तरी हात लागला होता.

 सुतारमामा, मिरजेचे चाचा, आणि रात्रीचे पहारे देणारे ते सात जण यांना वंदन करतो. वही दाराशी आहे, पेन तिला सुतळीने बांधलेले आहे.

रामकृष्ण हरी.